फिरत्या निवाऱ्यांची बांधणी आणि पाणीगळतीची समस्या : मंद्रूप परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : मुक्काम हलवता येणारे घर ही संकल्पना पर्यटनाच्या संदर्भात अलीकडे चर्चेत आली असली, तरी दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप परिसराला ती नवी नाही. ऊसतोडणी कामगारांची कोपी, वारीतील राहुटी आणि पर्यटकांची कॅराव्हॅन ही फिरत्या निवाऱ्याची तीन रूपे आहेत. त्यांचे साहित्य, किंमत आणि उपयोग परस्परांहून भिन्न असले, तरी पाणीगळती ही तिघांचीही समान समस्या आहे. गळती का होते, ती कोणत्या ठिकाणी होते, तिचे परिणाम कोणते आणि ती कशी टाळता येईल, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : फिरता निवारा, कोपी, राहुटी, कॅराव्हॅन, पाणीगळती, सांधा, देखभाल

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. निवाऱ्याचा विचार करताना सामान्यतः स्थिर घर डोळ्यांसमोर येते. घराला पाया असतो, भिंती असतात आणि एकदा बांधल्यावर ते जागचे हलत नाही. परंतु समाजातील एका मोठ्या वर्गाचा वर्षातील काही काळ अशा निवाऱ्यात जातो, की जो उचलून, गुंडाळून किंवा चाकांवरून ओढून दुसरीकडे न्यावा लागतो. स्थिर घरांच्या गळतीवर स्थापत्यशास्त्रात विपुल लेखन झाले आहे. फिरत्या निवाऱ्याच्या गळतीकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झालेले दिसते.

सोलापूर–विजयपूर मार्गावरील मंद्रूप हे गाव भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यानच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात वसले आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. येथील वार्षिक पाऊस सरासरी ६०० मि.मी.च्या आसपास असतो आणि सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना ठरतो. ज्या प्रदेशात पाऊसच कमी, तेथे गळतीचा प्रश्न तो काय असणार, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. येथील पाऊस थोड्या दिवसांत आणि जोराने पडतो. तो परतीच्या मोसमात, म्हणजे ऊसतोडणीच्या तोंडावर पडतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर काकीनाड्याजवळ आलेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र दुसऱ्या दिवशी सोलापूर परिसरात पोहोचले आणि अतिवृष्टी होऊन भीमेला पूर आला. त्यामुळे वार्षिक सरासरी कमी असली, तरी एका रात्रीत निवाऱ्याची परीक्षा पाहणारा पाऊस येथे पडू शकतो.

या परिसरातील जुन्या माळवदी घरांचा अनुभवही हेच सांगतो. मातीचे सपाट माळवद वर्षभर उन्हात तापते, त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती पसरून ते चोपण्याची रीत होती. छप्पर एकदा घातले की काम संपले, असे येथील गृहस्थाने कधी मानले नाही. दरवर्षीची डागडुजी हा बांधकामाचाच एक भाग समजला जाई. फिरत्या निवाऱ्याच्या संदर्भात हा दृष्टिकोन विशेष उपयुक्त ठरतो.

२. फिरत्या निवाऱ्याची तीन रूपे

पहिले रूप म्हणजे ऊसतोडणी कामगारांची कोपी. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इत्यादी जिल्ह्यांतून हंगामासाठी येणारी कुटुंबे कारखान्याजवळ अथवा फडाजवळ मुक्काम करतात. हंगाम साधारणतः ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च–एप्रिलपर्यंत चालतो. गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोकी सेंटर अशा वाहतुकीच्या पद्धतींवरून टोळ्यांची विभागणी होते. बांबू, चटई, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांपासून उभारलेली कोपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत भरून नेता येते. गावाहून येताना ट्रॉलीच हे कुटुंबाचे घर असते. संसाराच्या सामानावर ताडपत्री ओढून माणसे त्यातूनच प्रवास करतात.

दुसरे रूप म्हणजे वारीतील राहुटी. आषाढी वारीच्या काळात नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा मुक्कामांवर दिंड्यांच्या राहुट्या दररोज उभ्या राहतात आणि दररोज उतरवल्या जातात. हा काळ ऐन पावसाळ्याचा असतो.

तिसरे रूप म्हणजे कॅराव्हॅन अथवा वाहनामागे जोडून ओढून न्यायचे छोटे घर. पाश्चात्त्य देशांत त्याचा प्रसार विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा परिसर या उद्योगाचे केंद्र मानला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय एकाच वाहनात असावी, अशी या वाहनामागील कल्पना आहे. आपल्याकडे अशी वाहने बहुधा तयार गाडीच्या सांगाड्यावर बॉडी बांधून किंवा व्हॅनमध्ये अंतर्गत बदल करून तयार होतात.

३. पाणी आत शिरण्यामागील कारणे

पाणी वरून खाली वाहते, एवढाच नियम गृहीत धरून छप्पर बांधले, तर ते गळण्याची शक्यता अधिक असते. पाण्याला आत नेणारी कारणे अनेक आहेत. त्यांपैकी प्रमुख चार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) गुरुत्वाकर्षण : छपरावर पाणी साचले की त्याचे वजन छिद्रावर येते. १ चौरस मीटर क्षेत्रावर १० मि.मी. पाऊस पडला, तर १० लीटर, म्हणजेच १० किलो पाणी जमा होते. ६ चौरस मीटरच्या छपरावर ५० मि.मी. पावसात ३०० लीटर पाणी येते. उतार पुरेसा नसेल, तर प्लॅस्टिकला झोळ पडतो. झोळात पाणी साचते, साचलेल्या पाण्याने झोळ आणखी वाढतो आणि अखेर कागद फाटतो.

आ) केशाकर्षण : अरुंद फटीत पाणी वरच्या दिशेनेही चढते. दोन पत्र्यांमधील फट अर्धा मि.मी. असेल, तर पाणी सुमारे २९ मि.मी. उंच चढू शकते. फट १ मि.मी. असेल, तर ही उंची निम्म्यावर येते. म्हणजे फट जितकी बारीक, तितकी ती निर्धोक, ही समजूत चुकीची ठरते. फट एकतर पूर्ण बंद असावी किंवा पाण्याला धरून ठेवता येणार नाही इतकी मोकळी असावी.

इ) वाऱ्याचा दाब : स्थिर घर आणि फिरते घर यांतील महत्त्वाचा भेद येथे दिसतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० कि.मी. वेगाने चालणाऱ्या वाहनाच्या समोरील बाजूवर येणारा दाब सुमारे ७.५ मि.मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ताशी ८० कि.मी. वेगाला तो सुमारे ३० मि.मी. होतो. याचा अर्थ असा की, उभ्या वाहनात न गळणारा सांधा भर पावसात महामार्गावरून जाताना गळू शकतो. पुढील खिडकीच्या वर पत्र्याची चढ केवळ २० मि.मी. ठेवली असेल, तर पाणी ती ओलांडून आत येऊ शकते.

ई) पृष्ठताण : पाणी पृष्ठभागाला चिकटून आडवे सरकते आणि कडेच्या खालच्या बाजूनेही आत वाहत जाते. म्हणून छपराच्या कडेला पाणी तोडणारी धार किंवा खाच ठेवणे आवश्यक असते. राहुटीच्या बाबतीत हाच गुण निराळ्या प्रकारे अनुभवास येतो. सुती कापड भिजले की त्याचे धागे फुगतात, छिद्रे लहान होतात आणि पृष्ठताणामुळे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. परंतु आतून बोट किंवा सामान कापडाला टेकले, की त्या ठिकाणी पाण्याला वाट मिळते आणि थेंब सुरू होतात. राहुटीत कापडाला हात लावू नये, हा वडीलधाऱ्यांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे.

४. कोपी : साहित्य आणि सांधे

कोपीचा आकार तिच्या साहित्याला साजेसा असतो. चटई आणि पाचट यांतून पाणी झिरपू शकते. त्यामुळे त्यांचे छप्पर तीव्र उताराचे असावे लागते, म्हणजे पाणी झिरपण्यापूर्वी ओघळून जाते. पाचटाचे थर खालून वर असे शाकारले, की वरचा थर खालच्या थरावर पाणी सोडतो. ही पद्धत कौलारू छपराच्या तत्त्वाशी जुळते.

प्लॅस्टिकच्या कागदामुळे पाणी रोखणे सोपे झाले, परंतु नवे दोष निर्माण झाले. साधे पॉलिथिन उन्हातील अतिनील किरणांमुळे ठिसूळ होते. सोलापूरच्या उन्हात एका हंगामानंतर तोच कागद घडीच्या रेषेवर चिरतो. विणलेल्या एचडीपीई पट्ट्यांवर थर दिलेली ताडपत्री अधिक टिकते. अशा ताडपत्रीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ७९०३ हे मानक उपलब्ध आहे. असे असले, तरी उत्तम ताडपत्रीही पुढील ठिकाणी निकामी होते : बांबूच्या टोकावर घासणारा भाग, दोरी बांधण्यासाठी पाडलेले छिद्र आणि दोन कागद एकमेकांवर येतात तो जोड.

छिद्र न पाडता ताडपत्री बांधण्याची एक साधी युक्ती आहे. कागदाखाली गुळगुळीत खडा ठेवून, त्याच्याभोवती कागद गोळा करून त्या गाठीला दोरी बांधावी. ओढ एका बिंदूवर न येता विभागली जाते आणि कागद फाटत नाही. बांबूच्या टोकांना जुन्या कापडाची चुंबळ बांधणे हाही असाच अल्पखर्चिक उपाय आहे.

कोपीत पाणी केवळ वरून येत नाही. मंद्रूप परिसरातील काळी माती पाणी शोषून फुगते आणि ते हळूहळू सोडते. पाऊस थांबला तरी जमीन अनेक दिवस ओलसर राहते. सखल जागी कोपी उभारली असेल, तर छप्पर कोरडे असूनही अंथरूण भिजते. त्यामुळे कोपीची जागा निवडणे हा बांधणीचाच पहिला टप्पा ठरतो. प्रत्यक्षात मात्र ही निवड कामगारांच्या हाती क्वचितच असते. त्यांना जी जागा मिळते, ती बहुधा दुसऱ्या कोणत्याही उपयोगाची नसलेली जागा असते.

५. चाकांवरील घर : न दिसणारी गळती

कॅराव्हॅनची बांधणी कोपीहून कितीतरी गुंतागुंतीची असते. पारंपरिक छोट्या ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि मध्ये उष्णतारोधक थर अशी रचना आढळते. खिडक्या, दार, छपरावरील झरोका, दिव्यांच्या तारा आणि कोपऱ्यांवरील पट्ट्या यांसाठी या आवरणाला असंख्य ठिकाणी छेद दिलेला असतो. प्रत्येक स्क्रू हे एक संभाव्य छिद्र असते.

यात दोन कारणांनी सांधे सैल होतात. पहिले कारण तापमानातील फरक. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याचे छप्पर ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि पहाटे २५ अंशांवर आले, असे मानले, तर ४ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ३.७ मि.मी. लांबतो व आक्रसतो. त्याच तापमानफरकाला तेवढ्याच लांबीची लाकडी पट्टी जेमतेम पाऊण मि.मी. बदलते. उरलेला सुमारे ३ मि.मी.चा फरक दररोज स्क्रू आणि सीलंट यांना सोसावा लागतो. दुसरे कारण रस्त्यावरील हादरे. खड्डे आणि गतिरोधक यांवरून जाताना संपूर्ण चौकट पिळवटते. घराचा सांगाडा वर्षानुवर्षांत जेवढा हलत नाही, तेवढा ट्रेलरचा सांगाडा एका प्रवासात हलतो. कडक होणारे सीलंट अशा वेळी तडकते. म्हणून पट्टीखाली लवचीक ब्यूटाईल टेप आणि वरून लवचीक सीलंट अशी दुहेरी योजना करतात.

सांधे कमी करणे हा या समस्येवरील मूलगामी उपाय होय. १९६८ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे तयार झालेल्या बोलर या छोट्या ट्रेलरमध्ये फायबरग्लासची दोन अर्धकवचे एकमेकांना जोडण्याची पद्धत वापरण्यात आली. छपराचे कोपरे आणि कडा यांवरील सांधेच त्यामुळे नाहीसे झाले. खिडक्या आणि झरोके यांभोवतीचे सांधे मात्र तेथेही उरतात. साहित्य कितीही श्रेष्ठ असले, तरी छेद दिला की देखभाल आली, हा नियम त्यालाही चुकत नाही.

कोपी आणि कॅराव्हॅन यांतील मुख्य फरक गळतीच्या दृश्यतेत आहे. कोपीत गळती त्याच रात्री दिसते. थेंब अंगावर पडतो आणि सकाळी कागद बदलला जातो. कॅराव्हॅनमध्ये छपराच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी भिंतीच्या दोन थरांमधून खाली उतरते आणि लाकडात मुरते. आतील भिंत कोरडी व चकचकीत दिसत राहते. मालकाला गळतीचा पत्ता लागतो, तेव्हा प्लायवूडचे थर सुटलेले असतात, भिंतीला फुगे आलेले असतात किंवा पायाखालची जमीन मऊ लागते. दर सेकंदाला एक थेंब, एवढी क्षुल्लक गळतीही दिवसाला सुमारे ४ लीटर पाणी आत आणते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिले, की ते कुजण्याचा धोका सुरू होतो. देखणेपणा हा बांधणीच्या दर्जाचा पुरावा मानता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

६. गळतीचे परिणाम

ओलसर घरांचा आणि श्वसनविकारांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अधोरेखित केला आहे. ओलाव्यावर बुरशी वाढते आणि तिचा त्रास लहान मुले व दम्याचे रुग्ण यांना अधिक होतो. पर्यटकाच्या दृष्टीने गळती म्हणजे सहलीचा विरस आणि दुरुस्तीचा खर्च. तो गळक्या वाहनातून उतरून आपल्या पक्क्या घरी परततो.

ऊसतोडणी कामगाराच्या दृष्टीने गळतीचा अर्थ निराळा आहे. कोपीत वर्षभराच्या बेगमीतून आणलेली ज्वारी-बाजरी असते. ती भिजली, तर पुन्हा विकत घ्यावी लागते. सरपण भिजले, तर चूल पेटत नाही आणि पेटली तर कोपी धुराने भरते. रात्र जागून काढलेल्या जोडप्याला पहाटे फडात जावेच लागते, कारण मजुरी टनावर ठरते. हजेरी येथे कोयत्याच्या कामावरच अवलंबून असते. मानवतावादी मदतकार्यात स्वीकारलेल्या स्फिअर मानकांनुसार प्रत्येक व्यक्तीस किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा मिळावी, अशी अपेक्षा आहे. पाच माणसांच्या कुटुंबासाठी ती १७.५ चौरस मीटर होते. आपत्तीग्रस्तांसाठी किमान मानलेली ही जागा नेहमीच्या कोपीत मिळत नाही, आणि त्यातील एक कोपरा गळू लागला की उरलेली जागा आणखी आक्रसते.

७. तपासणी आणि उपाय

वरील विवेचनावरून उपायांचे दोन गट करता येतात.

कोपी व राहुटी यांसाठी : १) जागा उंचवट्याची असावी आणि भोवती १५ ते २० सें.मी. खोल चर खणून पाणी उताराकडे काढून द्यावे. २) आतील जमीन मुरूम टाकून बाहेरच्यापेक्षा उंच करावी आणि अंथरुणाखाली स्वतंत्र कागद असावा. ३) छपराला झोळ पडणार नाही इतका उतार व ताण द्यावा. ४) कागदाचे जोड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस आणि वरचा खालच्यावर येईल असे ठेवावेत. ५) ताडपत्रीवर पाचटाचा थर दिल्यास ऊन अडते व तिचे आयुष्य वाढते, मात्र आगीचा धोका लक्षात घेऊन चूल दूर ठेवावी.

कॅराव्हॅनसाठी : १) पत्र्यांची चढ ठरवताना वाहनाचा वेग व केशाकर्षण या दोहोंचा विचार करावा. २) सहा महिन्यांतून एकदा, निदान पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, छपरावरील प्रत्येक सांधा तपासावा. ३) आर्द्रतामापकाने खिडक्यांखालील व कोपऱ्यांतील ओलावा मोजावा. साधारणतः १५ टक्क्यांपर्यंतचे माप समाधानकारक, १५ ते २० लक्ष ठेवण्याजोगे आणि त्यापुढील माप दुरुस्तीची गरज दर्शवणारे मानले जाते. ४) गळती सापडत नसेल, तर वाहन बंद करून पंख्याने आत किंचित दाब निर्माण करावा आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतात, तेथे फट असते. सायकलचे पंक्चर शोधण्याच्या पद्धतीचेच हे मोठे रूप होय. ५) सौरपट्ट्या किंवा वातानुकूलन यंत्र बसवताना छपराला नवी छिद्रे पाडणे शक्यतो टाळावे.

८. जबाबदारीचा प्रश्न

तांत्रिक उपाय ठाऊक असणे आणि ते अमलात येणे यांत अंतर असते. कॅराव्हॅनच्या ग्राहकाला विक्रेत्याकडे तक्रार करता येते, हमीपत्र दाखवता येते, ग्राहक आयोगाकडे जाता येते. कोपीत राहणाऱ्याने कोणाकडे जावे? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने योग्य निवासव्यवस्था पुरवावी, अशी तरतूद होती. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत समाविष्ट झाला. परंतु १९७९ चा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कामगारांपुरता होता. बीडहून कर्नाटकातील विजयपूरकडे जाणारे कुटुंब त्याच्या कक्षेत येऊ शकत होते, त्याच रस्त्यावर अलीकडे मंद्रूपजवळ थांबणारे कुटुंब येत नव्हते. पाऊस मात्र दोन्ही बाजूंना सारखाच पडतो.

ऊसतोडणी कामगारांसाठी राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. आरोग्य, शिक्षण आणि विमा यांच्या जोडीने निवाऱ्याचे किमान मानक ठरवणे हेही अशा यंत्रणेचे कार्य मानता येईल. ठरावीक दर्जाची ताडपत्री, मुरूम टाकलेली उंच जागा आणि पाण्याचा चर या तीन गोष्टींना पक्क्या बांधकामाची गरज नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या पंधरवड्यात त्या पूर्ण होऊ शकतात. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांतूनही या कामाला हातभार लावता येईल. भूगोल, पदार्थविज्ञान, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र अभ्यासता येईल, असा हा विषय महाविद्यालयाच्या दारातच उपलब्ध आहे.

९. समारोप

फिरत्या निवाऱ्याची गळती ही प्रामुख्याने साहित्याची समस्या नसून सांध्यांची आणि देखभालीची समस्या आहे. पाचट असो वा फायबरग्लास, पाणी जोडातून, छिद्रातून आणि कडेवरून आत येते. निवारा हलतो, म्हणून त्याचे सांधे लवकर सैल होतात आणि म्हणूनच त्याची तपासणी स्थिर घरापेक्षा अधिक वेळा करावी लागते. महागड्या निवाऱ्यात गळती लपते आणि स्वस्त निवाऱ्यात ती उघडी पडते, एवढाच फरक. लपलेली गळती शोधण्यासाठी आज उपकरणे उपलब्ध आहेत. उघड्या गळतीसाठी उपकरणाची गरजच नाही. तेथे गरज आहे ती हंगामापूर्वी जागेवर जाऊन पाहणाऱ्या माणसाची, आणि ते पाहणे कोणाचे कर्तव्य आहे हे निश्चित करण्याची.